पुठ्ठ्याचा ट्रक आणि मिलिमीटरचा हिशेब



या अंकात दहावीच्या अभ्यासाच्या वेळापत्रकाविषयी लिहावयाचे ठरविले होते. तो विषय पुढच्या खेपेला घेऊ. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे, त्याला उत्तर देणे अधिक निकडीचे वाटते. ताईंचे पती मालट्रकवर ड्रायव्हर आहेत. मुलगा नववीत शिकतो. शाळेतून आला की बुटांची खोकी, औषधांचे पुठ्ठे, जुन्या लग्नपत्रिका कापीत बसतो आणि ट्रक बनवितो. वडील गाडी घेऊन दारात आले की हा आईची शिवणाची टेप घेऊन गाडीखाली शिरतो. मागच्या महिन्यात वडिलांनी रागाच्या भरात त्याचा एक ट्रक पायाखाली घेतला. मी गाडीवर जन्म काढला तो तू शिकून खुर्चीवर बसावास म्हणून, आणि तू परत ट्रकच्याच मागे लागलास, असे ते बोलले. पोराने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. ताई विचारतात, हा नाद मोडून काढावा की राहू द्यावा?

ताई, राहू द्या. शक्य असेल तर हातभारही लावा. मात्र आधी दादांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे.

दादांची भीती खोटी नाही. आपल्या वस्त्यांमधून किती मुले आठवी-नववीत शाळा सोडून क्लिनर म्हणून गाडीवर चढली आणि तिथेच मिसरूड फुटून ड्रायव्हर झाली, हे आपण सगळेच पाहत आलो. आठ-आठ दिवस घराचे तोंड नाही, झोप केबिनमध्ये, जेवण ढाब्यावर, माल उशिरा पोहोचला तर वर बोलणी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात इंजिनाशेजारी बसून माणूस कसा भाजून निघतो ते बसणाऱ्यालाच ठाऊक. नव्या मालट्रकांची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, हा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. म्हणजे तोवर वातानुकूलित केबिनची सक्ती करावी असे कायद्याला वाटले नव्हते. हे सारे भोगलेल्या बापाला पोराच्या हातात ट्रक दिसला की धडकी भरणारच.

पण दादांनी एक गोष्ट पाहावी. मुलगा गाडी दारात आल्यावर स्टिअरिंगवर चढून बसत नाही, टेप घेऊन खाली जातो. चालविणाऱ्याची नजर रस्त्यावर असते. या मुलाची नजर चेसिसच्या जोडावर आहे. ती फिटरची, ड्राफ्ट्समनची, पुढेमागे इंजिनिअरचीही नजर होऊ शकते.

हा नाद जगात नवा नाही. अमेरिकेत आणि युरोपात चांगली मोठी, बायकामुलांची माणसे सुट्टीच्या दिवशी हेच करीत बसतात. अमेरिकेच्या एएमटी कंपनीने १९७० च्या सुमारास पीटरबिल्टसारख्या लांब नाकाच्या ट्रकांची प्लॅस्टिकची किटे बाजारात आणली. इटलीच्या इटालेरी आणि जर्मनीच्या रेव्हेल या कंपन्यांनी युरोपातले ट्रक काढले. अमेरिकन किट बहुधा खऱ्याच्या २५ व्या हिश्शाचे असते, युरोपातले २४ व्या हिश्शाचे. खोक्यातले भाग जसेच्या तसे चिकटविले तर ट्रक होतो. पण खरे शौकीन तिथे थांबत नाहीत. ते चेसिस मधोमध कापून लांब करतात, केबिनला झोपण्याचा कप्पा जोडतात, दोन किटांचे भाग एकत्र करून तिसराच ट्रक उभा करतात. याला कस्टमायझिंग म्हणतात. आणि जे किटलाही हात लावीत नाहीत, प्लॅस्टिकच्या कोऱ्या शीटवर स्वतः रेघा आखून चाकापासून आरशापर्यंत सगळे हाताने घडवितात, त्यांच्या कामाला स्क्रॅच-बिल्डिंग असे नाव आहे. त्या मंडळींत मान या शेवटच्यांना.

तुमचा मुलगा या शेवटच्यांपैकी आहे, तोही नाइलाजाने. परदेशी किटाला आपल्याकडे हजारो रुपये पडतात. शिवाय त्या खोक्यांत आपल्या रस्त्यावरचा, लाकडी हौद्याचा, फाळक्यावर फुले रंगविलेला ट्रक सापडत नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशात मुले टाकाऊ तारा वाकवून गाड्या करतात, त्यांना तिकडे गलिमोटो म्हणतात. गरिबाचे पोर विकत घेऊ शकत नाही म्हणून घडविते.

आणि आपल्या देशात खरा ट्रकसुद्धा कित्येक वर्षे असाच घडत आला. टेल्को कंपनीने मर्सिडीज-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बनविणे सुरू केले; तो करार १९६९ ला संपला आणि बोनेटवरच्या ताऱ्याच्या जागी टाटांचे अक्षर आले. पण कारखान्यातून पुष्कळदा नुसती चेसिसच बाहेर पडे. हायवेवरून उघड्या चेसिसवर डोक्याला फडके बांधून चाललेले ड्रायव्हर जुन्या लोकांना आठवत असतील. मालक ती चेसिस बॉडीवाल्याकडे नेई. तिथे सुतार, लोहार, वेल्डर, पेंटर मिळून केबिन आणि हौदा उभा करीत, आणि नकाशा पाहिजेच असे नसे. पंजाबी मालकाला केबिनवर मुकुट हवा, उसाच्या मालकाला फाळके उंच हवेत. म्हणजे आपल्या वर्कशॉपांतून पुऱ्या आकाराचे स्क्रॅच-बिल्डिंग चालत होते, फक्त त्याला कुणी कला म्हटले नाही. करणारे हात कोणाचे होते ते आठवले तर कारण समजते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे मापाकडे. मी कारकून माणूस, आकड्यांत रमणारा, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे.

खेळण्यातला ट्रक आणि स्केल मॉडेल यांत फरक एवढाच की मॉडेलमध्ये प्रत्येक गोष्ट एकाच प्रमाणात लहान केलेली असते. २४ ला १ हे प्रमाण धरावे असे मी सुचवीन. त्याचे कारण सोपे आहे. एका फुटाचे इंच १२. बाराला चोवीसने भागले की अर्धा इंच. म्हणजे खऱ्या ट्रकवरचा एक फूट मॉडेलवर अर्धा इंच होतो. १७ फुटी हौदा साडेआठ इंचांचा. फुटांत विचार करणाऱ्या सुताराला, गवंड्यालाही हे तोंडी जमते. मिलिमीटरमध्ये करायचे तर सरळ २४ ने भागावे. टाटा १६१३ घ्या. या नावातला १६ म्हणजे मालासकट एकूण वजन सुमारे १६ टन आणि १३ म्हणजे इंजिनाची ताकद सुमारे १३० अश्वशक्ती. हा ट्रक वेगवेगळ्या लांबीत येत असे. त्यातल्या ४२२५ मिलिमीटरच्या व्हीलबेसला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतराला, २४ ने भागा. १७६ मिलिमीटर. सगळा ट्रक जेमतेम फूटभर लांबीचा होतो, एका खोलीच्या घरातही कपाटावर मावतो.

टायरवर १०.००-२० असे लिहिलेले मुलाने पाहिले असेल. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. अशा टायरची पूर्ण उंची साधारण १०५० मिलिमीटर भरते. भागाकार केला की ४४ मिलिमीटरच्या आसपास. आता ४४ मिलिमीटरचे चाक आणायचे कुठून? प्लंबरकडे पडलेला ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घ्यावा. या पाईपचे माप बाहेरून धरलेले असते. त्याच्या ११ मिलिमीटर रुंदीच्या चकत्या कापाव्यात आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन वेढे गुंडाळून चिकटवावी. ट्यूब मिलिमीटरभर जाड असली तर चाक बरोबर ४४ चे होते. चकती तिरकी जाऊ नये म्हणून सरळ कडेची कागदाची पट्टी पाईपभोवती गुंडाळून कडेने पेन्सिल फिरवावी. अशा सहा चकत्या, दोन पुढे आणि मागे जोडीजोडीने चार, शिवाय स्टेपनीची सातवी.

बहुतेक मुले एका ठिकाणी फसतात. लांबी-रुंदी लहान करतात आणि जाडी विसरतात. हौद्याच्या भिंतीसाठी ५ मिलिमीटरचा सनबोर्ड वापरला तर खऱ्या ट्रकवर ती भिंत १२० मिलिमीटरची झाली. इतकी जाड तर घराची कुडही नसते. १ मिलिमीटरचा पुठ्ठा २४ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ इंची फळी, आणि हौद्याला तीच योग्य. केबिनचा पत्रा दाखवायचा असेल तर वहीचा साधा कागदसुद्धा पुरेसा बारीक नाही, तो ०.१ मिलिमीटर धरला तरी प्रत्यक्षात २.४ मिलिमीटरचा पत्रा झाला. म्हणून केबिनचा सांगाडा आतून पुठ्ठ्याचा करावा आणि पत्र्याच्या कडा जिथे उघड्या दिसतात तिथे, म्हणजे मडगार्डला, दरवाजाच्या काठाला, फक्त कागद ठेवावा. मॉडेल खरे वाटते ते या कडांमुळे, रंगामुळे नव्हे.

लग्नपत्रिकांचा उल्लेख पत्रात आहे आणि तो वाचून मला फार बरे वाटले. मुलाने वस्तू बरोबर हेरली आहे. पत्रिकेचा चांगला कागद साधारण ०.४ मिलिमीटर भरतो. चोवीस पटीने ते होतात ९.६ मिलिमीटर, आणि ट्रकच्या कमानीचा एकेक पाटा जवळपास तेवढाच जाड असतो. पत्रिकेच्या पट्ट्या एकाखाली एक आखूड होत जातील अशा कापून, फेविकॉल लावून, बाटलीवर दाबून वाळविल्या की कमान तयार. जुन्या ट्रकचा गोल हेडलाईट ७ इंचांचा, म्हणजे मॉडेलवर साडेसात मिलिमीटरच्या आतबाहेर. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरचा पारदर्शक फुगा बरोबर त्या मापाचा मिळतो. चेसिसचे दोन्ही लाँग मेंबर पुठ्ठा दुमडून सी आकाराचे करावेत. सरळ पट्टीपेक्षा दुमडलेली पट्टी वाकत नाही हे मुलाला हातानेच समजेल आणि खऱ्या चेसिसला तो आकार का देतात तेही. विज्ञानाच्या पुस्तकात हे वाचून इतके पक्के होत नाही.

बाजारातला प्लॅस्टिकचा तयार ट्रक हाताशी असेल तर तोही कामी येतो. त्याची रुंदी मोजावी. खरा ट्रक २४०० मिलिमीटर रुंद आणि खेळणे ६० चे असेल तर प्रमाण ४० ला १ आले. मग लांबी आणि चाके त्याच हिशेबाने ताडून पाहावीत. बहुधा हौदा आखूड आणि चाके चुकीची निघतात. केबिन ठेवून बाकीचे काढून टाकावे आणि नव्याने बांधावे. सुरुवातीला हा मार्ग सोपा, कारण केबिनचे वळणदार कोपरे पुठ्ठ्यात आणणे सर्वांत कठीण काम आहे.

रंगाच्या बाबतीत एक सूचना. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारू नये, तो विरघळतो, फेविक्विकनेही विरघळतो. पुठ्ठ्याला आधी पातळ फेविकॉलचा हात द्यावा म्हणजे रंग शोषला जात नाही. आणि ट्रक कुठल्या सालचा ते ठरवून घ्यावे. फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्याला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली. त्याआधीचा ट्रक असेल तर ते हवेच, नंतरचा असेल तर नको. 'जयभीम' आणि निळा झेंडा मात्र कुठल्याही सालच्या गाडीला शोभतो.

आणि इथेच दादांची गरज लागते. माती कुठल्या कोपऱ्यात साचते, डिझेलची धार टाकीवरून कशी ओघळते, पायरीचा रंग कुठे झिजतो, दोर बांधून बांधून हौद्याच्या कडा कुठे खातात, ताडपत्रीची गाठ कशी असते, हे फोटोत दिसत नाही. अमेरिकेतले शौकीन यासाठी ट्रक थांबतात तिथे जाऊन तासन् तास पाहत राहतात. तुमच्या घरात हे सगळे जाणणारा माणूस आहे. दादांनी पुढच्या खेपेला टेपचे दुसरे टोक धरावे, एवढीच माझी विनंती. शिवणाची टेप ताणली जाते. लोखंडी टेप आणून द्यावी. गाडी उभी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला आणि दादा स्वतः हजर असल्याशिवाय मुलाने गाडीखाली जाऊ नये. हा नियम घरात कडक पाळावा.

पुण्याच्या टेल्कोत ट्रकच्या कारखान्यात नोकरीला असलेले एक इंजिनिअर होते, अरविंद गुप्ता. १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या मुलांसाठी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून त्यांनी भूमितीचे आकार करून दाखविले, आणि पुढे सारे आयुष्य टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्यात घालविले. २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. हाताने करणे हाही अभ्यास आहे असे आपण पालकांना सांगू लागलो की लोक हसतात. त्यांना हे उदाहरण द्यावे.

आपल्या समाजाला तर बाहेरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात आपल्या मुलांना शास्त्र आणि तंत्राच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या वर्कशॉपांत उमेदवार म्हणून घ्यावे अशीही मागणी होती. बाबासाहेब स्वतः कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे पंडित. पण आपल्या मुलांनी केवळ वकिलीच्या मागे लागावे असे त्यांना वाटत नव्हते, यंत्राशी त्यांचे नाते जुळावे असे वाटत होते. आपण मात्र पुढे 'साहेब' होण्याचा अर्थ टेबलखुर्ची इतकाच धरला. मी टेबलखुर्चीवरच बसतो, तेव्हा तिची निंदा करीत नाही. पण तिथल्या जागा किती उरल्या आहेत तेही मला दररोज दिसते.

नुसती मॉडेले करून नोकरी मिळत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावे. दहावीला गणित व विज्ञानात मार्क पडले पाहिजेत. नंतर आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, फिटर, शीट मेटल वर्कर, डिझेल मेकॅनिक असे ट्रेड आहेत, किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. दोन्हीकडे ड्रॉइंगचा विषय असतो आणि वस्तूचे समोरून, बाजूने, वरून असे तीन नकाशे काढावे लागतात. पुष्कळ मुले तिथे अडखळतात, कारण सपाट कागदावरून उभी वस्तू डोळ्यांपुढे आणण्याची त्यांना सवय नसते. तुमच्या मुलाला ती लागलेली आहे. त्याने आतापासून प्रत्येक ट्रकचे तीन नकाशे वहीत काढून मगच कात्री उचलावी. मुंबई-पुण्याला इमारतींची मॉडेले करून देणारी वर्कशॉपे आहेत, भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. दारे एकापेक्षा जास्त आहेत. आणि हे मुलींनाही लागू आहे. ज्या घरात मुलगी पुठ्ठा कापते तिथे तिला रांगोळीकडे वळवू नये.

सामानाचा खर्च फारसा नाही. कटर, स्टीलची फूटपट्टी, फेविकॉल, लोखंडी टेप, एक-दोन रंग हे सगळे चारशे-पाचशे रुपयांत बसते. सनबोर्डचे तुकडे बोर्ड रंगविणाऱ्याच्या दुकानात मागितले तर फुकटही मिळतात. कटरने एकाच जोराच्या घावात कापू नये, पट्टी धरून हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढावे, आणि पट्टी धरलेली बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत. घरात लहान भावंडे असतील तर पाते आणि फेविक्विक डब्यात घालून वर ठेवावे. स्प्रे अंगणातच मारावा. वेळ म्हणाल तर रविवारी पोटभर आणि इतर दिवशी अभ्यास झाल्यावर एक तास, असे आईवडील आणि मुलगा तिघांनी बसून ठरवावे.

जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. १४ एप्रिलला आपण निबंध, वक्तृत्व, गीतगायन यांच्या स्पर्धा घेतो. त्याबरोबर विहारात एक टेबल मुलांच्या हातच्या मॉडेलांसाठी मांडावे. मिरवणुकीतला सजविलेला ट्रक, गावची एसटी, विहिरीवरचा पंप, जे कोणी करील ते. अट दोनच ठेवाव्यात. विकत आणलेले किट नको, आणि मॉडेलशेजारी मापांचा कागद हवा, खरे माप किती, भागले कितीने, आले किती. परीक्षक म्हणून पुढाऱ्याला बोलावू नये. वस्तीतला एखादा फिटर, वेल्डर, बॉडी बांधणारा मिस्त्री बोलवावा आणि त्याच्या हातात फूटपट्टी द्यावी. मॉडेलवर एक मिलिमीटर चुकले तर खऱ्या गाडीवर जवळजवळ एक इंच चुकते, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागणार नाही.